डब्यावर चमचा

पोपटांच्या केंद्रात तिला सगळे मावशी म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठा असलेला शिपाईसुद्धा. एकवीस वर्षं काम एकच. अंड्यातून निघालेल्या उघड्यानागड्या पिल्लांना दर दोन तासांनी कोमट पेज भरवायची. आधी स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवायचा, की पिल्लं चोची वासायची. मोठी होऊन पिंजऱ्याबाहेर गेली तरी तो आवाज आला की असतील तिथून यायची. ऑफिसात चमचे पुष्कळ होते, पण कामाचा हा एकच. घरी सून म्हणायची, "आई, जेवायला हाक मारतानाही तुम्ही ताटावर चमचा आपटता. आम्ही काय पोपट आहोत?"

"पोपट निदान वेळेवर येतात," मावशी म्हणायची.

ही जात जगात या एका बेटावरच उरलेली. त्यातही रानात जन्मून रानातच जगणारी जोडपी फक्त सहा, टेकडीमागच्या जुन्या झाडांच्या ढोलीत. केंद्रातल्या प्रत्येक पोपटाच्या पायात कडं असायचं, या रानातल्यांच्या नव्हतं. चमचा ऐकला की ती उलट दिशेला पळायची, आणि मावशीला त्याचंच समाधान वाटायचं. जोवर नामशेष होत चाललेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत या जातीपुढे 'अतिसंकटग्रस्त' लिहिलेलं होतं, तोवर त्या झाडांना हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

मग नवे साहेब आले. बोलणं इतकं गोड, की शिपायाने पहिल्याच दिवशी त्यांना साखरसाहेब करून टाकलं. झाडांच्या जागी हॉटेल व्हायचं हे आधीच कुठेतरी ठरलं होतं, घोडं अडत होतं त्या एका शब्दावर. यादीचा नियम असा, की माणसाच्या हातचं खाणारे पक्षी मोजायचे नाहीत, रानातलेच मोजायचे. साहेबांनी काय करावं? खाण्याची ताटं कुंपणापलीकडे चाळीस पावलांवर झाडांना टांगली. झाले दीडशे पोपट रानातले.

"तुमची लेकरं स्वतंत्र झाली बघा मावशी," साहेब म्हणाले. मावशीच्या तोंडाला आंबलेल्या पेजेची चव आली. खोटं बोलायचंच होतं तर मेल्याने निदान पाऊण मैल चालायचे तरी कष्ट घ्यायचे.

तपासणीची समिती यायच्या सकाळी त्यांनी तिला बजावलं, "ते मोजायला उभे राहिले की झुडपामागून चमचा वाजवायचा. बाकी तोंड उघडायचं नाही." नाही म्हणावं तर चमचा दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. तिने विचार केला, वाजवतेच. यांच्या डोक्यावर येऊन बसले की आंधळ्यालाही कळेल हे कसले रानातले ते.

ती झुडपामागे गेलीच नाही. समितीच्या मधोमध उभं राहून तिने चमचा वाजवला. पोपट आले. एक समितीच्या प्रमुख बाईंच्या नव्याकोऱ्या टोपीवर बसला, दुसरा एकाच्या बुटाची नाडी सोडू लागला, तिसरा सरळ चोच वासून पेज मागत राहिला.

"बाई, हे रानातले नाहीत," मावशी म्हणाली. "हे मी चमच्याने वाढवलेत. खरी सहा जोडपी त्या टेकडीमागे आहेत. चला, दाखवते. तिथली झाडं गेली तर ती संपली."

बाईंनी चढणीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "किती जीव आहे हो तुमचा यांच्यावर," म्हणाल्या, आणि टोपीवरच्या पोपटासकट तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. मग तिथेच, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, तिघांनी सह्या केल्या. मावशी नळाशी जाऊन कितीतरी वेळ चुळा भरत होती.

महिन्याभरात 'अतिसंकटग्रस्त' मधला 'अति' गेला. ऑफिसात पोपटाच्या आकाराचा केक आला. चोच साखरसाहेबांनी खाल्ली आणि बोटं चाटली. मावशीने आपला तुकडा त्यांच्या देखत कचऱ्याच्या टोपलीत टाकला. नोकरी गेली असती तरी तिला त्या क्षणी पर्वा नव्हती. साहेब नुसते हसले. त्यांचं काम झालं होतं.

टेकडीमागे करवती आठ दिवस चालल्या.

नवव्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे चमचा वाजवला. ताटांवर झुंबड उडाली, आणि कडेच्या फांदीवर एक नर दिसला. पाठीवर लाकडाचा भुसा. पायात कडं नाही.

तिने चमचा जोरात आपटला. तो हलला नाही. मग तिने डबा डोक्याच्या वर धरून बडवला, बाकीचे पोपट दचकून उडाले, तरी तो नाही. "पळ रे बाबा, जा," ती म्हणाली. तो एकेक पाऊल सरकत ताटाशी आला आणि खाऊ लागला.

मागून साखरसाहेब आले. "अरे वा मावशी, एक वाढला की," म्हणाले, आणि खिशातून वही काढून त्यांनी दीडशेचे एकशे एक्कावन्न केले.