कॅसेटमधली गिटार माझ्या बाबाची

आज इतवारीत नणंदेकडे तिच्या लग्नातल्या ऑर्केस्ट्राची चाळीस वर्षांपूर्वीची कॅसेट लावली. तिचा जावई गिटार शिकलेला. म्हणाला, "हा वाजवणारा मुंबईचाच."

"काहून मुंबईचा? माझा बाबा होय तो!"

सगळे हसले. नणंद म्हणाली, "काही पण सांगता वं वहिनी!"

नणंदेच्या लग्नाच्या वेळी मी या घरात आली नव्हती, पण बाबा तेव्हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. उमरेडच्या खाणीत त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेली बोटं तारेवर घसरवत तो सुरावर जायचा. मी म्हटलं, "थांबा, कडवं संपलं की सूर खालून घसरत येते."

तसाच आला. जावयानं कॅसेट मागे नेऊन तेच पुन्हा ऐकलं!

कॅसेटवर फक्त गाणारीचं नाव होतं. मी चौथी शिकलेली, पण पेन मागून खाली बाबाचं नाव लिहिलंच.

तुमच्या घरच्या कॅसेटवर वाजवणाऱ्याचं नाव आहे का?