आत्याचं बोट आणि माझी अब्रू

मार्गळी महिन्यातल्या थंडीच्या पहाटे गार पाण्यात हात घातला की आत्याची बोटं पांढरी पडत, मग निळी. तंजावूरला कसली आलीय थंडी, म्हणून आम्ही तिची चेष्टा करायचो. यंदा मात्र तिच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला जखम झाली आणि भरेचना. रक्त पोचत नाहीये, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असंच राहिलं तर टोक काढावं लागेल.

रोज पहाटे दारात पिठाची रांगोळी घालणाऱ्या आत्याने एवढंच विचारलं, "मग कोलम कशाने घालू?"

आधीच्या गोळ्यांनी गुण आला नव्हता. बाईंनी नवी लिहिली. नाव वाचून मला ठसका लागला. ती गोळी पुरुष हळू आवाजात मागतात.

"गोळीला सरकारी मंजुरी त्याच कामाला आहे," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण ती रक्तवाहिन्या सैल करते. बोटांसाठी आम्ही विचार करून देतो. यांचं हृदय, रक्तदाब, बाकीची औषधं, सगळं बघितलंय."

आमच्या गल्लीतला मेडिकलवाला मला चड्डीत असल्यापासून ओळखतो. म्हणून मी, पन्नाशी उलटलेला गृहस्थ, बस धरून पापनाशमला गेलो. तिथल्या दुकानदाराने चिठ्ठीवरचं आत्याचं नाव आणि वय वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आत्यांना?"

"आत्यांना. बोटासाठी."

"बरोबर, सार," तो फार मायेने म्हणाला आणि पुडी कागदात गुंडाळली. वळलो तर मागे खोकल्याचं औषध न्यायला आलेले बायकोचे मामा.

घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, "मामांचा फोन होता. तब्येत जपा म्हणाले."

मी शपथा घेत राहिलो आणि तिकडे बोटाचा रंग परतू लागला. जखम बारीक होत होत मिटली. पोंगलच्या सकाळी आत्याने असा कोलम मांडला की अर्धा रस्ता अडला. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून पाहिला. ती ढिम्म हलली नाही.

त्याच दिवशी मामा आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आता कसं, बरं आहे ना?"

"त्याला काय विचारता? गोळी मी घेते," म्हणत आत्याने तर्जनी थेट त्यांच्या नाकासमोर धरली. "बघा नीट. आहे का कुठे जखम?"

मामांनी चष्मा वर करून बोट पाहिलं, मग मला पाहिलं, आणि वाटीभर पायसम मागितलं. जाताना चपला हातात घेऊन, भिंतीला घासत, ते कोलमला पूर्ण वळसा घालून गेले. आत्या दारात उभी राहून त्यांची पावलं बघत होती.