रशीदचाचांची रिकामी जागा

रशीदचाचा गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा मी पुढचा तास शिकवायची तयारी करत होते. विषय होता, हवामानातील आकस्मिक बदल. डोळे भरून आले आणि खरं सांगते, हसूही आलं... कारण हा विषय मला चाचांच्या जीपनंच शिकवला होता.

धाड गावाहून बुलढाण्याला मी त्यांच्याच प्रवासी जीपनं कॉलेजला जायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. हात दाखवणाऱ्याला चाचा कधी नाही म्हणत नसत. माझ्या एमएस्सीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी नेमका बाजार होता. टपावर वांग्यांची पोती, आत माणसं गच्च, जीप रस्त्याच्या कडेला थोडी कललेलीच. चाचा ओरडले, "सरका व माय! पोरीची परीक्षा हाये. अन् हे त अर्धीच सवारी!"

मी मागच्या फळीवर पाय ठेवला आणि जीप सावकाश चिखलात आडवी झाली. कुणाला खरचटलंही नाही, वांगी मात्र शेतभर. मी रडवेली होऊन म्हटलं, "चाचा, मी उतरले न..."

"आता तू उतरल्यानं उठते काय ते, बेटी?"

आतून एक मावशी म्हणाली, "चाचा, तुमची अर्धी सवारी लय भारी निंघाली!"

चाचांनी एका मोटारसायकलवाल्याला थांबवून मला पुढे धाडलं. परीक्षकांनी आकस्मिक बदलाची व्याख्या विचारली आणि पाठ केलेलं सगळं मी विसरले. वर्ष वाया जाणार, या भीतीनं मी जीपच सांगून टाकली. भार थोडा थोडा वाढतो, गाडी थोडी थोडी कलते. मग एका मर्यादेपुढे तेवढाच छोटा भार तिला एकदम आडवी करतो, आणि तो काढून घेतला तरी बरेचदा ती आपोआप उभी राहत नाही. परीक्षक चष्मा काढून हसले. "व्याख्या बरोबर आहे. ड्रायव्हर बरा आहे ना?"

पास झाल्याचे पेढे घेऊन गेले, तेव्हा चाचांनी विचारलं, "मंग पाडली कोनं? तू का वांग्यांनं?"

"सगळ्यांनी मिळून, चाचा. शेवटची सवारी कोणती, ते आधी कळत नाही."

चाचांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. "मंग त एक जागा सोडूनच चालावं लागन."

दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर त्यांचा खांद्यावरचा निळा दुपट्टा बसू लागला. बायका चिडवायच्या, "याचं तिकीट काढलं का?" चाचा म्हणायचे, "पास हाये त्याचा!"

मागच्या आठवड्यात मी त्याच जीपनं बुलढाण्याला गेले. आता त्यांचा मुलगा सलीम चालवतो. बाजाराचीच गर्दी. एकानं दुपट्ट्याकडे बोट दाखवलं, "जागा हाये न बे तिथं!"

सलीमनं मागे न बघता गिअर टाकला. "तिथं अब्बा बसेल हायेत. मांगची जीप पकडा."

मी दुपट्ट्यापासून जरा सरकून बसले.