रट्टा

परदेशात, बुकित बातोकात आठव्या मजल्यावरच्या घरी अरुणा जाधव केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते. ए-लेव्हलची पोरं, ह्या परीक्षेवर कॉलेज ठरतं. हातात स्टीलची फूटपट्टी. चुकलं की बोटांच्या पेरांवर. "मी निरगुडीच्या फोकाखाली शिकले, मेले का?" असं आईबापांना सांगायची. आईबाप खूश व्हायचे.

संजीव तिच्याच कराडकडचा, रॅफल्स प्लेसच्या बँकेत साहेब. त्याची लेक अवनी अरुणाकडंच शिकायची, पण तिच्या डोक्यात रिॲक्शन ठरत न्हवत्या. पेपरला आठवडा उरला तसा त्यानं फोन केला.

"बाई, काय करू हिचं?"

गावाकडचा माणूस म्हटल्यावर अरुणाची जीभ सुटली. "समजावायची येळ गेली, संजीवराव. आता रट्टाच पायजे. सकाळ-संध्याकाळ."

शहरात रट्टा म्हणजे घोकंपट्टी. आमच्याकडं रट्टा पाठीत बसतो. अरुणा बोलली शहरातलं, पण गावच्या सुरात. संजीवनं ऐकलं गावचं.

सोमवारी तो अवनीला घेऊन आला. उजव्या हाताची दोन बोटं सुजून वांग्यासारखी झालेली, नख काळं.

"दोन्ही टायमाला दिला, बाई. वेताच्या दोन छड्या मोडल्या."

"अवो, मी पाठ करून घ्या म्हणले."

"पाठ तर सोलूनच काढलीया. बोटं हिनं मधी घातली."

अरुणानं पट्टी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. त्यानं तिचा दंड धरून तिला भिंतीवर आपटलं. पांढरा फळा खाली आला. ती उठली आणि पट्टीची कड त्याच्या कानशिलात घातली. रक्त शर्टाच्या कॉलरवर उतरलं.

"स्टॉप लाह," अवनी तिथल्या इंग्रजीत म्हणाली. आवाज चढवला नाही. "पेपर थर्सडेला आहे. आणि आंटी, यू ऑल्सो हिट मी. सेम फिंगर्स."

दोघंही जागच्या जागी थांबली.

दवाखान्यात बोटं मोडल्याचं निघालं. दारात सापडली, असं अवनीनंच सांगितलं. शाळेनं पेपराला लिहून घेणारी बाई दिली. अवनीनं नुसतं बोलायचं. मग तीन दिवस अरुणानं तिच्याकडून एकेक रिॲक्शन तोंडानं म्हणवून घेतली. हातात पट्टी न्हवती. तरी पोरगी चुकली की आपणहून डावा हात टेबलावर पालथा ठेवायची आणि थांबायची.

"काढ तो हात."

काढायची. परत चुकली की परत ठेवायची.

गुरुवारी पेपरात अकराव्या प्रश्नाला अवनी अडली. तिनं डावा हात टेबलावर पालथा ठेवला, डोळे मिटले.

"हात दुखतोय का?" लिहिणाऱ्या बाईनं इंग्रजीत विचारलं.

"नो. वेट, हां."

खांदे आक्रसून ती बसून राहिली. मग उत्तर आलं, आणि ती सांगू लागली.