मी तिला सहन कर म्हणाले

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी पिंपळवंडीच्या उपकेंद्रावर नर्स होते. उपकेंद्राची खोली पावसात गळायची, म्हणून गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी भाड्यानं राहत होते. घर खाऊनपिऊन सुखी. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस, दारात ट्रॅक्टर. थोरल्या मुलाचं लग्न मी तिथं राहायला गेले त्याच वर्षी झालं. सून डिंभ्याकडची, एकोणीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. त्यांचं आणि माझं मागचं अंगण एकच. सकाळी भांडी घासता घासता ती विचारायची, "सिस्टर, आज कुठल्या वस्तीवर?" आणि संध्याकाळी मी परतले की त्या वस्तीवर कोणाला काय झालं ते सगळं तिला ऐकायचं असायचं. मोठ्यानं हसायची. सासूनं दटावलं की पदर तोंडाला लावून हसायची.

सहा महिने झाले असतील. एका दुपारी सासू माझ्या खोलीत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"सिस्टर, तुमी बाईमाणूस, म्हणून तुमाला सांगते. पोरगी नवऱ्याला जवळ येऊ देत नाय. सहा म्हैने झाले. माझं पोरगं पडवीत झोपतंय."

बाई वाईट नव्हती. सुनेला तिनं लेकीसारखं ठेवलं होतं. ती घाबरली होती, एवढंच. मी म्हटलं, विचारून बघते.

मला लस टोचता येत होती, बाळंतपण करता येत होतं, तांबी बसवता येत होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई आली तर तिला कुठल्या गोळ्या द्यायच्या ते माहीत होतं. पण लग्न झालेल्या बाईला नवऱ्याजवळ जाताना दुखतं, यावर आम्हाला कुणी एक शब्द शिकवला नव्हता. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला खोलीत बोलावलं. ती दाराशीच खाली बसली. मग एकदम बोलायला लागली.

"मी नको म्हणत नाय, सिस्टर. शप्पत. ते लई चांगले हायेत, मला आवडत्यात. पण जवळ आले की खाली सगळं आवळून जातं. मूठ आवळावी ना, तसं. मी माझ्याच अंगाला सोड म्हणते, तरी सुटत नाय. मग आग व्हती. मी वरडते. मग ते उठून जात्यात."

इतकं नेमकं तिनं सांगितलं होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत ज्या ज्या डॉक्टरांकडे ती गेली, त्यांच्यापैकी कुणालाही याहून जास्त काही सांगता आलं नाही. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "पहिल्यांदा सगळ्यांनाच दुखतं गं. दात-ओठ खाऊन थोडं सहन कर. एकदा झालं की झालं."

तिनं मान हलवली. दोन दिवसांनी ती मोरीपाशी भिंतीला धरून चालताना दिसली. मी जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाली, "केलं सहन." आणि बादली उचलून आत गेली. त्यातून दोघांचं काही जमलं नव्हतं. नुसती इजा झाली होती.

मग दवाखाने सुरू झाले. नारायणगावच्या एका डॉक्टरकडे मीच तिला घेऊन गेले. तपासायला हात लावला की ती टेबलावर वर वर सरकायची, गुडघे जुळवून घ्यायची. डॉक्टर वैतागले. "हात लावू द्यायचा नव्हता तर लग्न कशाला केलं?" म्हणाले. मी शेजारीच उभी होते, तिचा हात माझ्या हातात होता. मी काही बोलले नाही. ते डॉक्टर होते आणि मी उपकेंद्राची नर्स.

मंचरच्या दुसऱ्या एका डॉक्टरनं सांगितलं, वाट लहान आहे, थोडं कापून मोठी करू. नवऱ्यानं कागदावर सही केली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. शेवटी काहीतरी दोष सापडला होता आणि त्यावर इलाज होता. टाके सुकले. पण त्या जागी कडक वण राहिला, आणि आता तिला नुसतं मांडी घालून बसायचं म्हटलं तरी टोचायचं. अंग आधीपेक्षा जास्त आवळायला लागलं.

नवऱ्यानं एकदा मला रस्त्यात गाठलं. मोटरसायकल बंद केली, पण खाली उतरला नाही. समोर बघतच म्हणाला, "सिस्टर, मी काय जनावर हाय का? माझं काय चुकतंय तेवढं तरी सांगा."

"होईल हळूहळू," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? त्यालाही कुणी काही शिकवलं नव्हतं.

सासू तिला दर चतुर्थीला ओझरच्या गणपतीला नेऊ लागली. पुढे तेही थांबलं. तिसऱ्या वर्षी गल्लीत उघड बोलणं सुरू झालं. ती बाईच नाय, असं एकीनं नळावर सगळ्यांसमोर म्हटलं, ती हंडा भरत असताना. तिनं हंडा पूर्ण भरला, डोक्यावर घेतला आणि घरी आली. तेव्हापासून पाण्याला ती दुपारी, कुणी नसताना जायला लागली.

चार माणसं बसली आणि फारकत ठरली. तिचा भाऊ जीप घेऊन न्यायला आला. निघताना ती माझ्या दारात आली. मी लसीच्या पेटीत बर्फ भरत होते.

"जाते, सिस्टर."

"नीट राहा," मी म्हणाले.

नवरा त्या दिवशी सकाळपासून रानातच होता. जीप गेल्यावर तासाभरानं तो घरी आला, हातपाय न धुता जेवायला बसला आणि ताट तसंच ठेवून उठला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं दुसरं लग्न झालं. वर्षभरात मुलगा झाला. ते बाळंतपण मीच केलं, त्याच घरात.

दोन हजार सालानंतर माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली. तिथं असताना आम्हा काही नर्सेसना पुण्याला प्रशिक्षणासाठी पाठवलं. एका दुपारी एक डॉक्टरीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. काही बायकांचे त्या जागेचे स्नायू भीतीनं आपोआप आवळतात, ते त्यांच्या हातात नसतं, असं त्यांनी सांगितलं. बाई हट्टी नसते, तिच्यात काही कमी नसतं. आणि हे बरं होतं. ऑपरेशन लागत नाही. नवरा-बायको दोघांना समजावायचं, तिला श्वास सोडून अंग ढिलं करायला शिकवायचं, मग तिच्याच बोटानं ती जागा हळूहळू सैल करायची, तिच्याच वेगानं, काही महिने. घाई करायची नाही आणि सहन कर म्हणायचं नाही.

मी वहीत लिहीत होते. हात थांबला. वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठून विचारलं, "कापून टाके घातले असतील तर?"

"तरी होतं. वेळ जास्त लागतो," त्या म्हणाल्या. "घेऊन या त्यांना."

पुढच्याच आठवड्यात मी डिंभ्याला गेले. ती भावाच्या दारात तांदूळ निवडत बसली होती, एका बाजूला कलून. तिशीतच केस पुढून पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं, चहा टाकला. वहिनी पाण्याला गेली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं.

ऐकता ऐकता ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मग म्हणाली, "म्हंजी मी मुद्दाम करत नव्हते?"

"नाही."

"हे तुमाला आत्ता कळलं?"

"आत्ता."

"तवा तुमी मला सहन कर म्हणला व्हता."

"हो. माझं चुकलं."

तिनं सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "त्यांना सांगितलं का हे?"

"नाही. सांगू?"

"नका सांगू. त्यांचा संसार हाय आता. उगीच जिवाला लावून घेतील."

भाऊ आल्यावर मी त्याला विचारलं, हिला पुण्याला नेऊ का? तो रागावला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. "सिस्टर, तिला आता नवरा नाय, काय नाय. ह्या इलाजाचं तिनं करायचं काय?"

"तिला बसवत नाही. लघवीला आग होते म्हणाली. ते तरी कमी होईल."

"बायांना असतंच की काय ना काय," तो म्हणाला. पण माझ्या शब्दाखातर एकदा पाठवायला तयार झाला.

पुण्यात डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी विचारलं. तिनं नको म्हटलं की थांबल्या. वणावर लावायला मलम दिलं, व्यायाम दाखवले, दर पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मंचर आल्यावर म्हणाली, "एवढं विचारून मला कुणी हात लावला नव्हता."

दुसऱ्या वेळी भात लावणी निघाली, ती आली नाही. तिसऱ्या वेळी मी गेले तर भावानं मला अंगणातच थांबवलं. टाकलेली बाई सारखी पुण्याला कशाला जाते, असं लोक विचारतात म्हणाला. त्याच्या मुलीचं लग्न जमवायचं होतं.

मी व्यायाम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेले होते. तिला वाचता येत होतं. ती मला बस थांब्यापर्यंत सोडायला आली, तेव्हा मी तो कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्यानंच सगळा वाचला, ओठ हलवत.

"ह्यात लिवलंय, दार लावून निवांत पडायचं," ती म्हणाली. "सिस्टर, दोन खोल्यांत आमी आठ माणसं. मी चुलीपाशी निजते. मी कुठलं दार लावू?"

तिनं कागदाची घडी घालून तो माझ्या पिशवीत परत ठेवला. घरात पोरींच्या हाती लागला तर काय सांगायचं, म्हणाली. मलम मात्र तिनं ठेवून घेतलं, संपेपर्यंत लावते म्हणाली. ते महिनाभर पुरलं असेल. मी दुसरं पाठवलं, ते भावानं एसटीतून येणाऱ्या माणसाबरोबर परत केलं.