दादा मागच्या सीटवर: भंडारा ते दिघोरी, थोडं डांबर, थोडी पांदण

"मलेही ने," दादा म्हणाला तेव्हा मी त्याच्या अंगणात बसून पंक्चर काढत होते. दिघोरीला आत्याकडे सायकलने जाणार असं मी त्याला आधीच सांगितलं होतं.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. भंडाऱ्यात आमची पिढ्यान्‌पिढ्यांची विणकरी. मी लग्न होऊन जवळच्याच शहापूरला गेले, साड्यांच्या दुकानात रमले आणि चाळिशीनंतर सायकलच्या नादी लागले. दादा मागावरच राहिला. मग काचबिंदूने त्याची नजर नेली, आधी कडेची, मग सगळीच. नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीला मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही. मी आत जाऊन दादाला म्हटलं, "औषधं चालू ठेवायची, पाहू." त्याला सव्वा वर्ष झालं. कुंदावहिनीला खरं माहीत होतं, दादाला नव्हतं.

तर दादाला न्यायचं कसं? नागपूरच्या एका ओळखीच्या सायकलवाल्याकडे दोघांनी मिळून चालवायची सायकल होती. पुढे बसणारा हँडल आणि ब्रेक सांभाळतो, मागचा फक्त पॅडल मारतो. त्याने तिला खाचांचे रुंद टायर चढवून दिले, म्हणजे डांबरावर पळेल आणि मुरमावरही टिकेल. पंधरा दिवस आम्ही शहापूरच्या मैदानावर पडत-धडपडत सराव केला. "खड्डा" म्हटलं की दादाने सीटवरून किंचित उठायचं, "थांब" म्हटलं की डावा पाय खाली. बेत सोपा होता: पहिल्या दिवशी भंडारा, लाखनी, साकोली, सानगडी आणि दिघोरीला आत्याकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पालांदूरवरून परत. दोन दिवसांत दीडशेच्या आत-बाहेर किलोमीटर.

कोणाला जायचं असेल तर धानाची कापणी झाल्यावर जा, पांदणी, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटा, तेव्हा वाळलेल्या असतात. आम्ही डिसेंबरात निघालो. उजाडल्याशिवाय महामार्गावर चढू नका, ट्रक भरधाव असतात आणि धुक्यात सायकल दिसत नाही. कारधाच्या पुलावर वैनगंगेवरून असा गारठा आला की माझी बोटं ब्रेकवर आखडली. दादा मागून मजेत होता. "तू वारा अडवून राहिली ना," म्हणाला.

लाखनीला पोहा-तर्री खाल्ली. तीस रुपयांत पोटभर, वर तर्री मागाल तितकी. टपरीवाला सायकलीभोवती दोन चकरा मारून दादाला म्हणाला, "मागं बसून झोपता येते का, भाऊ?" दादा म्हणाला, "पाय थांबले का ही लगेच ओरडते." बऱ्याच दिवसांनी मी त्याला अनोळखी माणसाशी बोलताना ऐकलं. नजर गेल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता. काठी आणून दिली तर घेत नव्हता. "दिसायले लागलं का फेकूनच द्यायची हाय ना," म्हणायचा, आणि आम्ही सगळे गप्प बसायचो.

साकोलीत हवा तपासली. साध्या ट्यूब तिथे मिळतात, या मापाच्या मिळत नाहीत, त्या घरूनच न्या. महामार्ग सोडून सानगडीकडे वळलो तसा ट्रकांचा आवाज मागे पडला. सानगडीच्या बाजारात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेतल्या आणि मी ठरवलं, आता डांबर पुरे. तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, एक कच्ची वाट दिघोरीच्या दिशेने जाते असं दोघांनी सांगितलं होतं.

वाट सुंदर होती, पण अरुंद. जेमतेम दोन हात. डाव्या हाताला तलावाचं पाणी, उजवीकडे उतार आणि खाली कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. मुरूम सुटा झालेला. मी वेग कमी केला. तेवढ्यात दादाने विचारलं, "रस्ता कसा हाय?"

"मस्त आहे. रुंद आहे चांगला," मी म्हटलं.

दादा सैलावला. कंबर मोकळी करायला त्याने एक हात सोडला आणि डावीकडे वाकला. मागचं चाक सरकलं. मला "थांब" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. सायकलसकट आम्ही घसरत पाण्यात गेलो.

मी उठले तर पाणी माझ्या गुडघ्याएवढंच. दादा माझ्यापासून चार हात लांब उभा होता, दोन्ही हात पुढे पसरून, आणि पाऊल उचलत नव्हता. "वर्षा, किती खोल हाय?" असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "गुडघ्याएवढंच, दादा. मी आले." मी त्याचा हात धरून त्याला वर काढलं. कोपर सोललं होतं, बाकी ठीक होतं.

पारीवर बसलो. मी जखम धुतली.

"तू रुंद म्हणाली होती."

"तू घाबरशील म्हणून."

"आता का कमी घाबरलो? पाणी हाय हे माहीत असतं तं मी सीटवरून हललोच नसतो."

मी त्याच्या कोपराला रुमाल बांधला. मग तो अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी डॉक्टर तुले बाहेर घेऊन गेले होते. का म्हणाले?"

मला अजून एक खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण त्याचे ते पसरलेले हात डोळ्यांपुढून जात नव्हते. मी सांगितलं, "परत येणार नाही म्हणाले, दादा. दोन्ही डोळ्यांचं. औषधं फक्त दुखू नये म्हणून आहेत."

"कुंदाले माहीत हाय?"

"हो."

तो बांधावरचं गवत उपटत राहिला. "सव्वा वर्ष झालं," म्हणाला, "मी रोज उठलो का पहिले खिडकीकडं तोंड करतो. आज उजेड दिसते का म्हणून." मग तो रडला. मीही रडले. आमच्या घरात अशी रडायची पद्धत नाही, पण तिथे बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं असं मला वाटलं होतं. खालच्या बांधीत धानाचे भारे बांधणारी एक बाई विळा कमरेला खोचून वर आली. नाव शेवंताबाई. तिने आधी सायकल ओढून काढायला हात दिला, मग गडूतून पाणी दिलं, मग विचारलं, "भाऊले डोरे नाहीत, ना सायकलवर कसे?"

"मागं बसतो. पाय मारतो," दादा म्हणाला.

"मंग निम्मी सायकल तं तुमचीच होय."

दादाच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. शेवंताबाई म्हणाली, पुढे तलावाची पार फुटली आहे, बैलगाड्याही तिथून जात नाहीत, सायकल उचलूनच न्यावी लागेल. मी लगेच म्हटलं, आपण मागे फिरू, डांबरी रस्ता पकडू.

"थांब," दादा म्हणाला. "पुढं का हाय ते सगळं सांग, मंग ठरवू."

मी चालत जाऊन पाहून आले आणि जसं होतं तसं सांगितलं. पाच-सहा पावलांची खांड, तळाशी घोटाभर पाणी, तीन मोठे दगड, त्यातला मधला हलतो. पलीकडचा चढ ओला. त्यानंतर पांदण, मग डांबर.

"उचलू," तो म्हणाला.

मी पुढून, त्याने मागून, सायकल खांद्यावर. शेवंताबाई दादाच्या बाजूने चालत होती, पण त्याला हात लावत नव्हती. मी प्रत्येक पाऊल बोलत होते. "दगड. पुढचा हलतो. आता पाणी, गार आहे. आता चढ." दादाचा पाय एकदा घसरला, त्याने सावरला. पलीकडे पोचल्यावर त्याने सायकल खाली ठेवली आणि धापा टाकत म्हणाला, "असं सांगत जा."

दिघोरीला सूर्य मावळायच्या आत पोचलो. आत्याने चिखल पाहून आधी अंघोळीचं पाणी तापवलं. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, नवीन तांदळाचा भात आणि लसणाची चटणी. दादा दोनदा भात घेऊन जेवला आणि लगेच झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी पालांदूरचा रस्ता बहुतेक डांबरी, मधेच कालव्याच्या कडेने चार-पाच किलोमीटर मुरूम. चुलबंद नदीशी थांबून आत्याने दिलेल्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, खाल्ल्या. मी दिसेल ते सांगत होते. धानाच्या भाऱ्यांचे रचलेले पुंजणे, वाळत घातलेल्या मिरच्या, पाण्यात उभे बगळे.

"किती हायेत?"

"अकरा."

"मोजले का?"

"नाही."

"मंग मोज."

मोजले. सात होते.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होती. कोपराची पट्टी पाहून तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "तलावात पडलो. अना डॉक्टरांचंही समजलं मले." वहिनी उंबऱ्यावर खाली बसली. म्हणाली, "मले कितीदा सांगावं वाटलं. धीर झाला नाही." दादा चाचपत तिच्याशेजारी बसला. मी सायकल धुवायला निघून गेले.

लोक विचारतात, कशी झाली ट्रिप? मांड्या चार दिवस दुखल्या. सायकलची मागची चेन बदलावी लागली. त्यानंतरचा आठवडा दादाचा फार वाईट गेला. तो जेवेना, कोणाशी बोलेना, आणि मी रोज स्वतःला विचारत होते, सांगितलं ते बरोबर केलं का. नवव्या दिवशी त्याने वहिनीकडे काठी मागितली. आता एक शिक्षक आठवड्यातून दोनदा येतात, अंगणातून गल्लीपर्यंत चालायला शिकवतात. दादा मागासाठी धाग्याच्या कांड्या भरायला बसू लागला आहे. पूर्वीच्या निम्म्या वेगाने, पण धागा तुटला की त्याच्या बोटांना कळतं.

परवा दुकानातून फोन केला तर वहिनीने उचलला. "चौकात चहाले गेले," म्हणाली. "एकटेच."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास."

आम्ही दोघी फोन धरून नुसत्या उभ्या राहिलो. मग तिच्या मागून फाटकाचा आवाज आला आणि दादाने फोन घेतला. मला वाटलं, काही मोठं सांगेल.

"चौकाच्या वळणावर नवीन खड्डा झाला हाय," तो म्हणाला. "डाव्या हाताले, चांगला खोल हाय. येशील तं जपून ये."