एकेरी पूल

जालना जिल्ह्यातला एकही रस्ता मला अनोळखी नाही. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी होती. बीजोत्पादनाचे प्लॉट बघायला अंबड, तीर्थपुरी, भोकरदन अशी गाडी फिरवण्यात तीस वर्षं गेली. कंपनी ड्रायव्हर द्यायला तयार होती, मीच घेतला नाही. मी गाडीत असताना स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नसे. बायकोकडं लायसन्स होतं, बदनापूरच्या शाळेत नोकरीला असताना तिनं ते काढलेलं. पण दोघं बरोबर निघालो की किल्ली माझ्याच खिशात. हा ताठा होता, आणि तो मी चारचौघांत कौतुकानं मिरवायचो.

निवृत्तीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. डाव्या डोळ्यात बराच, उजव्यात सुरुवात. समोरचं दिसतं, कडेचं हळूहळू पुसत जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. "गाडी चालवता का?" त्यांनी विचारलं. "गावातल्या गावात," मी म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं, डोळे कोरडे पडलेत, थेंब दिलेत. एकाच दिवशी दोघांशी खोटं बोललो. खरं सांगायचं तर तेव्हा मला आंधळेपणाची तेवढी भीती वाटली नाही. किल्ली हातातून जाईल, याची वाटली.

पुढच्या वर्षी बायकोनं न्यूझीलंडचा हट्ट धरला. साडीसाठीसुद्धा कधी अडून न बसलेली बाई, "जायचं तर याच वर्षी" म्हणून हटूनच बसली. तिथंही गाड्या डाव्या बाजूनं चालतात, भाड्याची गाडी घेऊन आपली आपण फिरता येतं, हे कळल्यावर मी फुशारलो. दिवाळी झाली की निघालो. तिथल्या विमानतळावर गाडी ताब्यात घेताना आधीचे ओरखडे माझ्या माथी नकोत म्हणून मी चारी बाजूंनी फोटो काढत बसलो. काउंटरवरची लिखापढी तिनं पाहिली.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. रस्त्याला खड्डा नाही, कुणाचा हॉर्न नाही, उतारावर मेंढ्या आणि मागं बर्फाचे डोंगर. बायको मात्र डावीकडच्या सीटवरून सारखी बोलत होती. "सायकलवाला आहे. कडेला गाडी उभी आहे. पन्नासची पाटी आली." हे गेलं वर्षभर जालन्यातही चाललं होतं, आणि वयाबरोबर ही किरकिरी झाली, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा तोल सुटला.

"तीस वर्षं गाडी चालवली मी. हा काही तुझा वर्ग न्हाई. जरा गप बस."

ती गप बसली.

त्या देशात नद्यांवरचे पुष्कळ पूल एकाच गाडीपुरते असतात. पुलाआधी डाव्या कडेला पाटी असते. आपल्या बाजूचा बाण लाल असला तर थांबायचं आणि समोरच्याला आधी येऊ द्यायचं. तासाभरानं तसा एक पूल आला. मी वेग कमी केला नाही. पुलावर शिरलो तेव्हा समोरून आलेली मोठी गाडी मधोमध पोचली होती. दोघांनी ब्रेक दाबले. गाड्या थांबल्या तेव्हा मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहिला असता. समोरच्या काचेमागं आमच्याच वयाचं जोडपं होतं. त्या बाईनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी गाडी मागं घेतली, कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.

"पाटी डावीकडं होती," बायको म्हणाली.

"मला दिसली न्हाई."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"जेवताना तुमचा हात लागून पाण्याचं भांडं रोज सांडायचं. मंग मी ते डावीकडं ठेवायचं सोडून ताटासमोर ठेवायला लागले. तुमच्या ध्यानातही आलं न्हाई. मंग डॉक्टरांकडं एकटी जाऊन आल्ते. तेव्हापासून गाडीत बोलून राह्यले. मला काय पोपटपंचीची हौस होती का?"

"मंग मला विचारलं का न्हाईस?"

"तुम्ही आपल्या तोंडानं सांगाल म्हणून वाट पाहिली. ते चुकलं माझं. आणि आज राग धरून गप बसले, ते तर बिलकुल चुकलं. त्या दोघांना काही झालं असतं म्हंजे?"

तिनं पर्स उघडली. आत तिचं लायसन्स होतं, जालन्यातून काढून आणलेला परदेशात चालणारा परवाना होता, आणि गाडीच्या कागदांवर दुसरा चालक म्हणून तिचं नाव होतं. मी ओरखडे मोजत होतो तेव्हा तिनं ते घातलेलं.

"उतरा," ती म्हणाली.

मी किल्ली तिच्या हातात दिली. राग आला, लाज वाटली, आणि मोकळंही वाटलं. कोणतं आधी, ते आता सांगता येणार नाही.

ती सावकाश चालवत होती. मागं गाड्या साचल्या की बाजूला थांबून त्यांना पुढं जाऊ द्यायची. मला तर तीस वर्षांत कुणाला पुढं जाऊ दिल्याचं आठवत नाही. हातांना काही काम नव्हतं, म्हणून मी बाहेर पाहू लागलो. रस्त्याच्या कडेला जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांची रानफुलं मैलभर पसरली होती. त्यांच्या शेंगा पाहून मी म्हणालो, "ही तर आपल्या तुरी-हरभऱ्याच्या गोतातली दिसताहेत." ती हसली. मला फार बरं वाटलं. तीर्थपुरीच्या वाटेवर किती वेळा गेलो असेन, पण त्या वाटेची शेतं मी गाडीतून कधी नीट पाहिली नव्हती. माझं सगळं आयुष्य समोरच्या डांबरावर गेलं होतं.

दुपारी एका तळ्याकाठी तिनं गाडी थांबवली. पाणी कपड्यांना घालायच्या निळीसारखं होतं आणि पलीकडं बर्फाची अख्खी रांग. काठावरच्या बाकावर आम्ही बसलो.

"याच वर्षी यायचं म्हणून का अडून बसले, कळलं ना?" ती म्हणाली. "दिसतंय तोवर बघून घ्या."

मी मान वळवत, तुकड्या-तुकड्यानं ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. डोळे भरून आले तेव्हा पुसले नाहीत.

"खरं सांगा, किती दिसतं?"

डॉक्टर सोडून हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी नजर समोर ठेवली, डावा हात कानाच्या मागं नेला आणि बोटं हलवत हळूहळू पुढं आणू लागलो. हात बराच पुढं आला तेव्हा कुठं बोटं दिसली.

"इथून पुढं," मी म्हणालो. "त्याच्या मागचं काहीच न्हाई."

ती माझ्या डाव्या बाजूला बसली होती. माझा हात कुठं थांबला ते तिनं पाहिलं, मग स्वतः कुठं बसलीय ते पाहिलं. ती उठली, माझ्यासमोरून फिरून आली आणि माझ्या उजव्या हाताला बसली.